हाडांसाठीचे घरगुती उपाय : नेमका कशात किती दम?

मृणाल_वाई

नमस्कार मंडळी,

सासूबाई ७१ वर्षांच्या. दिवाळीत अंगणात सडा घालताना पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात आता बरा आहे. पण डॉक्टरांनी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करायला लावली, त्यात कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा) -२.९ आला. -२.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडांची ठिसूळता. आठवड्याला एक गोळी, शिवाय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलंय.

गोळीचं नाव काढलं की आईंचं तोंड वाकडं. आणि घरात उपायांची रीघ लागली आहे. नणंदेने डिंकाचे लाडू पाठवले. शेजारच्या काकू म्हणतात, गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घ्या. दिरांनी कांडवेल आणून कुंडीत लावली. भाच्याने अंड्याच्या टरफलाच्या पुडीचा व्हिडिओ पाठवला (आई माळकरी, त्यांनी फोन उलटा करून ठेवला). आणि आठवडी बाजारात बसणाऱ्या एकाकडून गुडघ्यांची पुडी येते. तिने म्हणे जादू झाली. गुडघे दुखायचे थांबले, म्हणजे हाडं भरून आली, मग गोळी कशाला, असा त्यांचा सवाल.

मला टिंगल नको आणि "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" हेही नको. कुणी हिशेब मांडून सांगेल का?

---

टवाळ_गडी

चुना आजवर लावलेला ऐकला होता, आता खायचा पण? हलके घ्या.

---

अस्थिर

मृणालताई, बाजारातल्या पुडीबद्दल आधी. ती आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. का, ते खाली कुणीतरी लिहीलच, नाहीतर मी लिहितो.

मूळ घोळ वेगळाच आहे. गुडघेदुखी हा बहुतेकदा सांध्याचा आजार, कूर्चा झिजण्याचा. हाडं ठिसूळ होणं हा हाडाचा आजार, आणि तो दुखत नाही. मोडेपर्यंत अजिबात दुखत नाही. म्हणून "फरक पडला" हे वाक्य ठिसूळपणाच्या बाबतीत बिनकामाचं आहे. कोणत्याही उपायाला हाडांसाठी चांगला म्हणायचं तर दोनच गोष्टी पाहायच्या: त्यातून शरीराला नेमकं काय आणि किती मिळतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी डेक्सा काय म्हणते. निर्गुडीचा शेक, पारिजातकाच्या पानांचा काढा, हळदीचं दूध, यांनी कुणाचे गुडघे हलके झाले असतील तर आनंदच आहे. हळदीवर गुडघेदुखीसाठी चाचण्याही झाल्या आहेत आणि काहींत वेदना कमी झाल्याचं दिसलं. पण त्यातून हाडाची घनता वाढली असा अर्थ कुणी काढू नये.

---

पोळपाट_लाटणं

मी आहारतज्ज्ञ, हिशेब माझ्याकडे लागला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना रोज १००० मिलीग्रॅम कॅल्शियम आहे, पाळी गेलेल्या बायकांना १२००. (आधीच्या, २०१० च्या यादीत प्रौढांना ६०० च होतं, त्यामुळे जुने तक्ते पाहून निर्धास्त होऊ नका.) आता आपल्याकडच्या ७० च्या बाईचं ताट बघा. दोन कप चहातलं मिळून १०० मिली दूध: १२०. वाटीभर दही: १२० ते १५०. नाचणीची एक भाकरी, ५० ग्रॅम पिठाची: १८० च्या आत-बाहेर. वरण, भाजी, बाकी सगळं मिळून दीडशे धरा. जेमतेम ६००. म्हणजे निम्मी खोट.

या खोटीपुढे चुना ठेवून बघू. गव्हाच्या दाण्याएवढा ओला चुना साधारण ५० मिलीग्रॅम भरेल, त्यात निम्मं पाणी. उरलेला कॅल्शियम हायड्रॉक्साइड, त्यात कॅल्शियम ५४ टक्के. हाती काय आलं? १२-१५ मिलीग्रॅम. दोन चहाचे चमचे दूध प्यायलं तरी तेवढंच मिळतं. ज्या दह्यात तो कालवायचा त्या दह्यातच त्याच्या दसपट आहे! चुन्याचं श्रेय खरं तर दह्याचं.

---

नाना_पानवाले

आमचे आजोबा आयुष्यभर पानाला चुना लावून खात होते. ९० गाठली. एक हाड मोडलं नाही. विज्ञानाला सगळं कळतंच असं नाही.

---

पोळपाट_लाटणं

नानाकाका, आजोबा नांगर धरत होते का? उन्हात उघड्या अंगाने काम करत होते का? घरची म्हैस होती का? तिन्हीचं उत्तर हो असेल तर चुन्याला त्यात कुठे बसवायचं ते तुम्हीच सांगा.

---

नाना_पानवाले

म्हैस दोन होत्या.

---

डोळस

चुन्यावरून आठवलं म्हणून लिहिते, विषय थोडा सोडून. मी नेत्ररुग्णालयात काम करते. चुन्याची ती प्लास्टिकची छोटी पुडी मुलं दाबतात, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात. अल्कलीची भाजणूक आत आत जाते, बुबुळ पांढरं पडतं. घरात "औषध" म्हणून पुडी आणून ठेवणार असाल तर मुलांपासून लांब. आणि गेलाच डोळ्यात तर तूप, मध, गुलाबपाणी काही नको. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने लगेच, पापण्या उघड्या धरून, भरपूर वेळ धुवा, मगच रिक्षा शोधा. तोंडातसुद्धा जास्त झाला की गालाची आतली त्वचा भाजते, पान खाणाऱ्यांना हे सांगायला नको.

---

कोकणी_बाणा

आमच्याकडे उपाय-बिपाय कोणी म्हणत नाही, पण जवळा अख्खा आणि मांदेली काट्यासकटच खातात. मासे खाणाऱ्यांनी यातलं कॅल्शियम का मोजू नये?

---

पोळपाट_लाटणं

मोजावंच. काट्यासकट खाल्लेला बारीक मासा हा उत्तम स्रोत. सुकटीत मीठ फार असतं, म्हणून दोन पाण्यांतून धुऊन घ्या. मीठ जास्त गेलं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. पापड-लोणच्यावर जेवणाऱ्या शाकाहाऱ्यांनाही हेच लागू.

मटणाच्या पायाचं सूप मात्र जेवढं नावाजलं जातं तेवढं नाही. तास-तास उकळूनही हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. उतरतं ते जिलेटिन आणि चव. प्या, पण दुधाच्या जागी धरू नका.

---

माहेरवाशीण

तिळाचं काय? संक्रांत आलीच आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं की तिळात दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम.

---

पोळपाट_लाटणं

वजनाला वजन लावलं तर खरं आहे. सालासकट तिळात १०० ग्रॅमला साधारण १००० मिलीग्रॅमच्या घरात कॅल्शियम. पण ते सालीत असतं. वाण्याकडून आपण तिळगुळासाठी जे पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ आणतो त्यांची साल काढलेली, तिथे आकडा शंभराच्याही खाली येतो. हातात घेऊन बघा: पॉलिशचा तीळ गुळगुळीत, एकसारखा, चमकदार, बिनपॉलिशचा मळकट, थोडा पिवळसर, कुठे कुठे करडा. चटणीला दुसरा घ्या. आता गंमत अशी की सालीतलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेटला (कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या क्षाराला) बांधलेलं, त्यामुळे सगळं अंगी लागत नाही. भाजून, कुटून खाल्लेले तीळ निदान पचतात तरी. अख्खे पुष्कळदा जसेच्या तसे बाहेर. १० ग्रॅमची चटणी म्हणजे कागदावर १००, अंगाला त्याहून बरंच कमी.

पालकाची गत तीच. पालकातलं कॅल्शियम जेमतेम ५ टक्के शोषलं जातं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. शेवग्याचा पाला त्या मानाने बरा. ५० ग्रॅम पाल्याची भाजी केली तर दीडशेच्या आसपास पडतं. वाईत शेवगा दारोदार असेल.

नाचणीबद्दल सगळे चांगलं बोलतात, मीही बोलते. फक्त सत्त्व करताना काय करता ते बघा. नाचणीचं कॅल्शियम बहुतांश तांबूस सालीत आणि तिच्या लगतच्या थरात. मोड आणून, सुकवून, हलकं भाजून दळली तर फायटेट (कॅल्शियमचं शोषण अडवणारा घटक) कमी होतं, शोषण सुधारतं. इथवर उत्तम. मग आपण ते मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करतो आणि वर राहिलेला तांबडा चोथा गाईला घालतो. गाईची हाडं मजबूत! लहान बाळासाठी गाळावं लागतं, मान्य. ७१ वर्षांच्या माणसाला गाळायचं कारण नाही, साध्या चाळणीने चाळा.

---

मृणाल_वाई

बाई गं! आमच्याकडे तिसऱ्यांदा सुद्धा गाळतात, "मऊ लागावं" म्हणून. पोळपाटताई, डिंकाचे लाडू राहिले.

---

पोळपाट_लाटणं

डिंक हा मुख्यतः विरघळणारा तंतू. पोटाला बरा. थोडं कॅल्शियम आहे, पण लाडवात डिंक असतो तरी किती? लाडवात हाडांच्या कामाचं जे काही आहे ते खसखस, खारीक आणि अळीव घातलं असेल तर अळीव. खसखस खरोखर कॅल्शियमने भरलेली, पण हल्लीच्या भावात ती चिमूटभरच पडते. उरलं तूप, गूळ, खोबरं. मधुमेह नसेल तर थंडीत रोज एक खा, आनंदाने खा. बाळंतिणीला आणि थंडीत कष्ट करणाऱ्याला दिलेला तो पौष्टिक खाऊ आहे, त्याला टी-स्कोअरचं काम देऊ नका.

---

वैद्य_चिंचवड

मी आयुर्वेदाचा पदवीधर. इथे नेहमीप्रमाणे आयुर्वेदाची धुलाई होईल म्हणून आलो होतो, पण चर्चा बरी चालली आहे.

कांडवेल, म्हणजे हाडसांधी. संस्कृतात अस्थिशृंखला, अस्थिसंहार. लाक्षादी गुग्गुळ या औषधात लाखेबरोबर हीच असते. मोडलेलं हाड सांधण्यासाठी परंपरेने वापरली गेली आहे. प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत, माणसांवरचे अभ्यास छोटे आहेत, त्यातून "सूज-वेदना कमी, सांधायला मदत होत असावी" इतपतच म्हणता येतं. ठिसूळ हाडांच्या औषधाच्या बदल्यात ती पुरेल असं मी माझ्या रुग्णांना सांगत नाही.

दिरांना सांगा, कच्ची कांडी चावू देऊ नका. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजून खाजून जीव नकोसा होतो. तमिळ घरांत तिची चटणी करतात. कोवळी पेरं घेतात, हाताला तेल लावून शिरा काढतात, तेला-तुपात चांगली परततात आणि चिंच घालतात. मूतखड्याची खोड असेल तर तीही टाळलेली बरी.

प्रवाळ पिष्टी, शंखभस्म, मुक्ताशुक्ती (पोवळं, शंख, शिंपला यांची औषधं) घेणाऱ्यांसाठी: यांचा मुख्य भाग कॅल्शियमचाच. प्रवाळ पिष्टी २५० मिलीग्रॅम म्हणजे अंदाजे १०० मिलीग्रॅम कॅल्शियम. डॉक्टरांची कॅल्शियमची गोळी चालू असेल तर हेही त्यांच्या कानावर घाला, बेरीज करावी लागते.

---

अस्थिर

वैद्यबुवा, धन्यवाद. इतकं सरळ क्वचित वाचायला मिळतं.

टरफलांचा तो व्हिडिओ माळकरी घरात चालणार नाही, पण इतर वाचकांसाठी: आकड्यांत डॉक्टरांच्या कॅल्शियमच्या गोळीच्या तोडीचा घरगुती उपाय कुठला असेल तर हाच. एक ग्रॅम पुडीत ३८० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. टरफलं आधी दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळायची (साल्मोनेला हे जंतू मरावेत म्हणून), वाळवायची, आणि पिठासारखी बारीक करायची, भरड राहिली तर घशाला लागते. मला विचाराल तर इतका उपद्व्याप कशाला? गोळीतही तेच कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि मोजून आहे. पाकिटावर १२५० लिहिलेलं असलं तर त्यात कॅल्शियम ५००. जेवणाबरोबर घ्यायची, एका वेळी ५०० हून जास्त नाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, लोहाच्या गोळीबरोबरही नको.

---

पुडीग्रस्त

पुडीबद्दल मी लिहितो. मावशीची गोष्ट. अशीच बाजारातली पुडी, राखाडी, कडवट, कागदात घडी घातलेली. तिसऱ्या दिवशी मावशी जिना चढली. घरात पेढे. पुढे चेहरा गोल दिसू लागला, गाल भरले, "तब्येत सुधारली" असं सगळे म्हणाले. साखर वाढली, दंडावर नुसतं धरलं तरी निळे डाग. मग एक दिवस वाकून बादली उचलली आणि मणका दबला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली पुडी चालू आहे?"

अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडत आली आहे. दुखणं झटक्यात थांबतं ते त्यामुळे. आणि दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड हाडं पोखरतं. म्हणजे मृणालताई, तुमच्या सासूबाई ज्याला हाडं भरून आल्याचा पुरावा समजतात तेच कदाचित हाडं रिकामी करत असेल. एक गोष्ट ध्यानात ठेवा: बरेच दिवस चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबलं की रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते उतरवत आणतील.

---

मृणाल_वाई

वाचून पोटात गोळा आला. चेहरा भरलाय, खरं आहे. आम्हीही "लाडू मानवले" म्हणत होतो. उद्या सकाळीच जाते.

---

फिजिओ_मी

तोवर उन्हाचं बोलू. "सकाळचं कोवळं ऊन" हे प्रसन्न वाटायला छान, पण ड जीवनसत्त्व बनवायला लागणारे अतिनील-ब किरण त्यात फार कमी. साधी खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. आपल्याकडे साधारण अकरा ते तीन. हात, पाय, पाठ उघडी ठेवून पंधरा-वीस मिनिटं, चक्कर येण्याइतकं नाही. काचेच्या खिडकीआड बसून काही होत नाही, काच ते किरण अडवते. नऊवारी, पूर्ण हाताचं पोलकं आणि डोक्यावर पदर, मग ऊन लागणार कुठे? पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून पुष्कळांना पूरक ड लागतंच.

पण ते ६०,००० युनिटचं पाकीट: आठवड्याला एक, आठेक आठवडे, मग महिन्याला वगैरे, असं डॉक्टर सांगतात. "चांगलं वाटतं" म्हणून वर्षभर दर रविवारी घेणारे मी पाहिलेत. अति झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला त्रास.

आणि व्यायाम. हाडाला भार लागतो. चालणं, जिना, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. -२.९ असताना कमरेतून पुढे वाकायचे व्यायाम नकोत, सूर्यनमस्कारही नकोत. मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो. खाली पडलेलं उचलताना गुडघ्यात वाका. भरलेली कळशी दुसऱ्याला उचलू द्या.

अजून एक. पूर्वी बेताचं असणारं लुगडं किंवा परकर आता पायात लोळतो का, विचारा. तरुणपणच्या उंचीत चार सेंटीमीटरहून जास्त घट असेल तर मणके दुखल्याशिवायही दबलेले असू शकतात, पाठीचा एक्स-रे काढावा लागतो.

---

वर्‍हाडी_ठेचा

आमच्याकडची गोष्ट कोणीच बोलून नाही राहिलं. यवतमाळ, चंद्रपूर, तिकडे नांदेडचा किनवट भाग, इथल्या कैक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला १.५ मिलीग्रॅमच्या वर गेलं म्हणजे ते पाणी पिण्याचं नाही. लेकरांचे दात पिवळे-तपकिरी होतात, मोठ्यांची पाठ-मान ताठते, बसलेला माणूस उठू शकत नाही. हाड दिसायला घट्ट, मापात दाट, पण ठिसूळ. तिथे डेक्सा चांगली आली तरी फसवी. नाचणी खा का चुना खा, पाणी तेच राहिलं तर काय उपयोग? आधी पाणी तपासून घ्या, विहिरीचं का बोअरचं ते बघा. दूध, आवळा, पालेभाजी यांनी थोडी मदत होते, पण पाणी बदलल्याशिवाय नाही.

---

अस्थिर

+१. हा मुद्दा राहूनच गेला होता.

---

टवाळ_गडी

विनोद करायला आलो होतो, आईची डेक्सा बुक करून चाललो. फक्त एक. सोसायटीत औषध कंपनीचं मोफत शिबिर होतं, टाचेवर यंत्र लावून "तुमची हाडं कमकुवत" असा कागद दिला, सोबत त्यांच्याच गोळ्यांचं नमुन्याचं पाकीट. ते चालतं का?

---

फिजिओ_मी

टाचेची ती अल्ट्रासाउंड. प्राथमिक चाळणी म्हणून ठीक, निदान म्हणून नाही. कमी आलं तर डेक्सा करा, त्या कागदावर औषध सुरू करू नका. आणि त्या यंत्राचा आकडा डेक्साच्या आकड्याशी ताडून बघू नका.

---

मृणाल_वाई

जाऊन आले. पुडी ठेवून घेतली, रक्त तपासायला दिलंय, उतरवण्याचा तक्ता दिला. आई गप्प होत्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "मग गुडघे परत दुखणार ना?" त्यावर त्यांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि शेक सांगितला, वेदनेची साधी गोळी लागेल तेव्हा. निर्गुडी चालेल म्हणाले, त्यावर आई जरा खुलल्या.

आठवड्याची गोळी घ्यायला तयार झाल्यात. रविवारी, उठल्या उठल्या, अनशेपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, कॅल्शियम तर नाहीच. दात काढायचा झाला तर आधी सांगायचं. चहाशिवाय अर्धा तास ही त्यांची खरी तक्रार आहे.

लाडू चालू. सत्त्व चाळणीने. चुना बंद. कांडवेलीची चटणी दीर करणार आहेत, आधी तेच खाणार.

---

माहेरवाशीण

शेवटची शंका. माझं रक्तातलं कॅल्शियम ९.४ आलं, एकदम नॉर्मल. वय ५२, पाळी जाऊन दोन वर्षं. मग मला काही करायची गरज नाही ना?

---

अस्थिर

रक्तातला आकडा हाडांबद्दल काही सांगत नाही. हृदय आणि स्नायू चालायला रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीत लागतंच, खाण्यातून कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं आणि रक्त नॉर्मल ठेवतं. पाळी गेल्यानंतरची पहिली काही वर्षं हाडांची झीज सर्वांत जोरात असते. आईचं किंवा आजीचं खुब्याचं हाड मोडलं होतं का, स्वतःचं वजन फार कमी आहे का, कधी स्टेरॉइड चालू होतं का, हे डॉक्टरांना सांगा आणि डेक्साचं विचारा. वर पोळपाटताईंनी मांडलाय तसा ताटाचा हिशेब आजच करून बघा, त्याला पैसे पडत नाहीत.